केशवराजाच्या गावाला, रमतगमत

सुट्टी लागली की सगळ्यांना लांबची गावं आठवतात. आम्ही मात्र नांदेडहून एस.टी.त बसलो आणि अर्धापूरच्या अलीकडे दाभडलाच उतरलो. पुढचं सगळं पायी! सोबत पाचवीतली भाची आणि डब्यात धपाटे.

दाभडचा सत्यगणपती नांदेडकरांचा लाडका. चतुर्थीला कितीतरी जण नांदेडहून चालत येतात. याच दाभडात बावरीनगरचं महाविहार आहे. पौष पौर्णिमेच्या सुमारास इथं मोठी बौद्ध धम्म परिषद भरते. आम्ही गेलो तेव्हा गर्दी नव्हती. दोन्हीकडे निवांत टेकलो.

पुढं वाटेत केळीच्या बागा. इसापूर धरणाच्या कालव्याचं पाणी या भागाला मिळतं. केळीचं एक झाड एकदाच घड देतं, मग बुंध्याजवळची पिलं वाढतात. भाचीला हे ठाऊकच नव्हतं!

अर्धापुरात केशवराजाचं मंदिर गाठलं. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म असतात, हे तुम्हाला माहीत आहेच. पण कुठली वस्तू कुठल्या हातात, यावरून मूर्तीचं नाव ठरतं. चार वस्तू चार हातांत किती प्रकारे देता येतील? ४ × ३ × २ × १ = २४! म्हणून विष्णूची रूपंही चोवीस. संध्येत म्हणतात ती चोवीस नावं हीच. त्यातलं पहिलं नाव केशव. मूर्तीच्या उजव्या खालच्या हातापासून सुरुवात करून वर जायचं आणि डावीकडून खाली यायचं. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम लागला की तो केशव.

"आणि हात तुटला असला तर?" भाचीनं विचारलं.

प्रश्न बिनतोड होता. एक हात गेला, तर उरलेल्या तीन वस्तूंवरून चौथी ओळखता येते. दोन गेले, की मोठी पंचाईत. देव असतो, पण त्याचं नाव हरवतं. मराठवाड्यात पारावर, बारवेच्या काठी, शेताच्या बांधावर अशा किती मूर्ती पडून आहेत! कुणी शेंदूर थापतं, कुणी त्यांवर दगडाची धार लावतं.

परतताना बाजारात शिरलो. कासरे, घुंगरमाळा, विळे, खुरपी. एका फाटक्या पोत्यावर जुनं सामान मांडलं होतं. त्यात नुसती कुलपं, किल्ल्या नाहीतच! भाची हसली, "मामा, यांचंही नाव हरवलं!" तिनं सायकलची जुनी घंटी घेतली. म्हातारीनं वीस सांगितले, हिनं पंधरा म्हटलं. म्हातारी म्हणाली, "घे बाई, वाजती का ते बघून घे." घंटी खणखणीत वाजली. मग हिनं आपणहून वीसच दिले.

आता तुमची पाळी. तुमच्या गावात जुनी मूर्ती असेल तर तिला हात न लावता नीट बघा. कुठल्या हातात काय आहे, ते वहीत लिहून चित्र काढा. नांगरताना एखादी सापडली, तर घरी न नेता तहसील कार्यालयात कळवा. उद्या एखादा हात तुटलाच, तर तिचं नाव निदान तुमच्या वहीत तरी राहील.