चूल, बंब आणि शेगडी : घरगुती उष्णतासाधनांतील भेद

स्वयंपाकाची साधने आणि तापविण्याची साधने यांतील भेद सामान्यतः इंधनावरून सांगितला जातो. तो पुरेसा नाही. लाकडावर चूल पेटते तसा बंबही पेटतो. गॅसवर शेगडी चालते तसा गीझरही चालतो. उष्णता कोठे पोहोचवावयाची, किती वेळ, आणि जळणातून निघालेले वायू कोणत्या वाटेने बाहेर जाणार, या बाबींवर हा भेद खऱ्या अर्थाने आधारलेला आहे.

चुलीची आच एका भांड्याच्या बुडाशी एकवटावी लागते व ती क्षणोक्षणी कमी-अधिक करता यावी लागते. चुलीतून निसटणारी उष्णता वैलावर आमटी ऊन ठेवण्यास उपयोगी पडते. मात्र चुलीपुढे कोणीतरी सतत बसलेले असणार, हे तिच्या रचनेत गृहीतच आहे. तांब्याच्या बंबाचे तसे नाही. त्याच्या मधोमध उभी नळी, नळीत विस्तव आणि भोवती पाणी. ही नळीच धुराडे असल्याने तप्त वायू आपली बरीचशी उष्णता पाण्याला देऊन वर निघून जातात. बंब पेटवून माणूस दुसऱ्या कामास लागू शकतो. गृहोपयोगी रचनांत बंबाइतकी विचारपूर्वक केलेली रचना विरळाच. अभ्यासकांनी तिची फारशी दखल घेतलेली दिसत नाही.

कोळशाची शेगडी मात्र दोन्ही कामांस वापरली गेली, आणि धोका तेथेच आहे. मोकळ्या पडवीत ती निरुपद्रवी ठरते. थंडीसाठी अथवा बाळंतिणीच्या शेकासाठी बंद खोलीत ठेवली की ती घातक होऊ शकते. फुललेल्या निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून ती निर्धोक वाटते. परंतु त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, गंध नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक आसक्तीने जोडला जातो. झोपलेला मनुष्य जागा न होताच बेशुद्ध होतो.

हाच प्रश्न गॅस गीझरने न्हाणीघरात आणला. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंश सेल्सियसने तापविण्यास सुमारे १०.५ किलोवॉट उष्णता लागते, म्हणजे स्वयंपाकाच्या एका मोठ्या बर्नरच्या साधारण चौपट. स्वयंपाकघराहून कितीतरी लहान, दार-खिडकी लावलेल्या जागेत एवढे जळण होते. तेथील ऑक्सिजन घटू लागला की ज्वलन अपुरे होते आणि विषारी वायू वाढतो. शेगडी जशी ओट्यावर ठेवली तसा गीझर भिंतीवर टांगला, एवढाच विचार अनेक घरांत झालेला असतो. धुराड्याचा विचार होत नाही.

गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवणे हा सर्वांत सोपा उपाय होय. तो आतच ठेवणे भाग असल्यास वायू घराबाहेर नेणारी नळी अत्यावश्यक आहे. शिवाय ताजी हवा आत येण्यासाठी कायम उघडा झरोकाही हवा. एल.पी.जी. हवेहून जड असल्याने गळलेला गॅस जमिनीलगत साचतो, तर ज्वलनातून निघालेले उष्ण वायू छताकडे चढतात. त्यामुळे केवळ वरची खिडकी उघडी ठेवून भागत नाही, खालीही वाट ठेवावी लागते.