दोन चकत्यांमधली फट

उत्तनच्या पातान बंदरावर उभं राहिलं की बोटींचे रंग, झेंडे आणि डोलीची जाळी डोळ्यांत भरतात. बोट ज्याच्या जोरावर चालते, ते मात्र फळ्यांखाली, इंजिनाच्या मागे दडलेलं असतं. दोन लोखंडी चकत्या समोरासमोर टेकवून मोजक्या बोल्टांनी आवळलेल्या असतात. एक गिअरबॉक्सची, दुसरी पंख्याच्या शाफ्टची. हे कपलिंग. मच्छीमार बोट असो की हौशी माणसाची छोटी यॉट, रचना बहुतेक हीच.

पंखा पाणी मागे लोटतो आणि पाणी पंख्याला पुढे रेटतं. तो रेटा शाफ्टमधून कपलिंगवर, तिथून गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आणि इंजिनाच्या पायांवाटे बोटीच्या सांगाड्यात उतरतो. खलाशी, बर्फ, डिझेल, बोंबलाचे ढीग, सगळा भार या दोन चकत्यांमधून ढकलला जातो! रिव्हर्स टाकला की पंखा शाफ्टला मागे खेचतो आणि सगळा ताण बोल्टांवर येतो. ते सैल असतील तर शाफ्ट मागे सरकू शकतो. तो बोटीबाहेर जाणाऱ्या नळीतून पुरता निसटला, तर त्याच भोकातून समुद्र आत येतो.

आता या जोडणीची नजाकत पाहा. चकत्यांची तोंडं एकमेकांना समांतर हवीत. चार इंची चकतीला फरकाची मुभा साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीएवढी. फरक याहून जास्त असेल, तर दर फेऱ्याला शाफ्ट किंचित वाकतो आणि परत सरळ होतो. मिनिटाला ६०० फेरे धरले, तर तासाला ३६,००० वेळा. एवढे हेलकावे खाऊन पोलादही थकतं. आधी बोल्ट ढिले होतात, शाफ्टभोवती पाणी अडवणारी ग्लँड तापते, गिअरबॉक्सच्या सीलमधून तेल झिरपतं आणि कपलिंगभोवती तांबूस भुकटी साचते. ही भुकटी म्हणजे आवळलेले भाग एकमेकांवर घासत असल्याची खूण. इंजिन गुरगुरतंय, गिअर पडलाय, तरी बोट हलत नाही, असं झालं तर आत शाफ्ट फिरतो का ते पाहावं. गिअरबॉक्सची चकती फिरते आणि शाफ्ट जागेवरच, तर बहुधा शाफ्टला त्याच्या चकतीशी अडकवणारी चावी तुटलेली असते.

दोष शोधण्याची रीत तर फारच सुरेख आहे. इंजिन बंद करून बोल्ट काढायचे, चकत्या अलगद जवळ आणायच्या आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिलर गेजची पाती सरकवून फट मोजायची. मग शाफ्टची चकती पाव फेरा फिरवून पुन्हा मोजायचं. मोठी फट होती तिथेच राहिली, तर इंजिन तिरकं बसलंय. फट चकतीबरोबर फिरली, तर शाफ्ट वाकलाय किंवा चकतीचं तोंड वाकडं आहे. फक्त पाव फेऱ्यात दोषी कोण ते कळतं!

ती फट दुरुस्तीचं मापही सांगते. समजा, १०० मिलिमीटरच्या चकतीवर वरची फट खालच्यापेक्षा ०.३ मिलिमीटर जास्त आहे आणि इंजिनाच्या पुढच्या-मागच्या पायांत ७०० मिलिमीटर अंतर आहे. तर इंजिनाची पुढची बाजू साधारण २.१ मिलिमीटर उचलायची. शाळेतल्या समरूप त्रिकोणांचं गणित इथे इंजिन सरळ करतं.

सगळ्यात थक्क करणारी गोष्ट बोटीच्या अंगाची आहे. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत बोटी किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात. जमिनीवर बोटीचं वजन मोजक्या टेकूंवर येतं आणि सांगाडा किंचित वाकतो. पाण्यात उतरली की चहूबाजूंनी आधार मिळून तिचा आकार पुन्हा बदलतो. लाकडी बोटीच्या फळ्या पाणी पिऊन फुगतात, ते वेगळंच. काठावर केसाएवढं अचूक जुळवलेलं कपलिंग पाण्यात चुकीचं ठरू शकतं, ते यामुळे.

म्हणून बोटमालकांना आणि तांडेलांना एकच सांगणं: बोट काठावर असताना कपलिंग जरूर जुळवा, पण तेवढ्यावर विसंबू नका. बोट पाण्यात उतरवल्यावर एक-दोन दिवस जाऊ द्या, फट पुन्हा मोजा, बोल्ट नीट आवळा आणि मगच खोल समुद्रात जा.