उंदराच्या रक्तातली साखर

भात फस्त करणाऱ्या, नारळाला भोक पाडणाऱ्या उंदरावर तुम्ही कधी ना कधी काठी उगारली असेल. त्याचाच पंचवीस-तीस ग्रॅमचा एक भाऊबंद प्रयोगशाळेत बसून तुमच्या आजीच्या मधुमेहाचा छडा लावतोय, ठाऊक आहे?

भात खाल्ला की रक्तात साखर येते. मग इन्शुलिन पेशींच्या दारावरची बेल वाजवतं. दार उघडतं, साखर आत जाते. इन्शुलिनरोध म्हणजे बेल वाजतेय आणि आतले ढिम्म! पण बिघाड कुणाकडे? स्नायूंकडे, यकृताकडे की चरबीकडे? माणसात सगळीकडेच थोडाथोडा बिघाड, मग कळणार कसं?

अमेरिकेत शास्त्रज्ञ रोनाल्ड कान यांच्या गटानं उंदराच्या जनुकांत असा बदल केला, की फक्त स्नायूंवरची बेल गायब! जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच उचलतात, तेव्हा आता साखर आभाळाला भिडणार, असंच कुणालाही वाटेल. उपाशी उंदराला ग्लुकोज दिलं, शेपटीच्या टोकातून रक्ताचा थेंब काढला, साखर मोजली. थोड्या वेळानं पुन्हा थेंब, पुन्हा थेंब. साखर साध्या उंदरासारखीच आपल्या जागेवर परतली! रक्तातली चरबी तेवढी वाढलेली. हे १९९८ सालचं. २००० साली यकृताची बेल काढली आणि साखर खरंच चढली. यकृत साखर साठवतं तसं बनवतंही; बेल वाजली की बनवणं आवरतं. बेल ऐकूच न आल्यानं ते बनवतच राहिलं.

मला मात्र याहून नवल वाटतं ते पुण्यातल्या प्रयोगाचं. तिथे होते रॅट, म्हणजे थोराड उंदीर. त्यांच्या जनुकांना कुणी हात लावला नाही. फक्त ५० पिढ्या अपुऱ्या अन्नावर वाढवलं. (बिचारे!) आनंदवर्धन हार्डीकर, चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली निष्कर्ष छापले. पिल्लं जन्मतः हलकी, तरी पोटात चरबी जास्त आणि इन्शुलिनला दाद नाही. मधुमेह घडवणारं औषध टोचलं, तर त्यांना धोका आठपट. पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर खायला घातलं, तरी बिघाड गेला नाही.

तेव्हा आजीच्या मधुमेहाचं सगळं खापर तिच्या आंबावडीवर फोडू नका; थोडा वाटा मागच्या अर्धपोटी पिढ्यांचाही असू शकतो. आणि हो, हा लेख दाखवून ती जास्तीची वडी मागायला लागली, तर देऊही नका!