सहा आकडे

सातबारा काढायला मी अंबाजोगाईतल्या एका ई-सेवा केंद्रात आले आहे. जानेवारीतली सकाळ. अरुंद गाळा, दोन संगणक, भिंतीला टेकवलेलं बाकडं. माझ्या आधी एका मुलीचा नंबर आहे. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे ती. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, टीसी, शिधापत्रिकेची झेरॉक्स. एकही कागद कमी नाही. महाडीबीटी पोर्टलवर भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे आणि अडलंय ते ओटीपीवर.

तिच्या आधारला नंबर आहे बाबांचा. फोन बाबांसोबत कराडकडे, ऊसतोडीला.

"ताई, ओटीपी पाठवलाय. दहा मिनिटंच चालतो," केंद्रचालक पोरगा म्हणतो.

ती फोन लावते. रिंग जाते, जात राहते. फडात कोयता चालू असताना कोण फोन उचलणार? ती पुन्हा लावते. आता फोन बंदच लागतो. त्यांच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, वीज नाही. चार्जिंग संपलं असेल, असं ती मलाच समजावून सांगते. जणू चूक तिचीच आहे. दहा मिनिटं संपतात. मागचा माणूस म्हणतो, "आमचं तरी उरका की." ती उठून बाजूला उभी राहते, पिशवी छातीशी धरून.

"अकरावी-बारावीला भरला नव्हतास का गं?" मी विचारते.

"नाही मॅडम. तेव्हापण असंच झालतं."

म्हणजे दोन वर्षांचे हक्काचे पैसे गेलेच. अनुसूचित जातीच्या मुलांसाठीची ही शिष्यवृत्ती १९४४ पासून चालत आली आहे. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, ही अट ती पूर्ण करते हे तर हिच्या घरात न बघताही कळतं. योजना हिच्यासारख्या मुलींसाठीच केलेली आहे.

आणि तरी एक तुलना केल्यावाचून मला राहवत नाही. दसरा-दिवाळीच्या आधी ऊसतोडीचा मुकादम दारात येऊन उचल देतो. ना ओटीपी, ना आधार जोडणी; नोटा थेट हातावर. नवराबायकोचा मिळून एक कोयता बांधला जातो आणि ती उचल फिटेपर्यंत सुटत नाही. बांधून घालणारा पैसा आधी येतो, सोडवणारा पैसा रांगेत उभा राहतो. हे उलटं व्हायला हवं.

पाऊण तासानं तिचाच फोन वाजतो. ती दचकते. धाकटा भाऊ बोलतोय. गावात सांभाळायला कोणी नाही म्हणून त्यालाही टोळीबरोबर नेलंय. ट्रॅक्टरवाल्याकडून फोन चार्ज करून आणलाय त्यानं.

"थांब, ठेवू नको! दादा, पाठवा ना परत," ती केंद्रचालकाला म्हणते. तो हातातलं काम बाजूला सारतो. मागचा माणूसही या वेळी गप्प आहे.

"आला का?... ऐकू येईना. कोपीच्या बाहेर ये. उंचावर ये."

सगळा गाळा कान देऊन आहे. फोन स्पीकरवर. वाऱ्याचा आवाज, कुठंतरी ट्रॅक्टर, आणि मग दहा-अकरा वर्षांचा तो आवाज एकेक आकडा सावकाश वाचू लागतो, शाळेत पाढे म्हणतात तसा. चौथ्या आकड्याला आवाज तुटतो. ती डोळे मिटते. "परत सांग. पहिल्यापासून सांग."

सहा आकडे पडतात. पडदा पुढे सरकतो.

"बाळा, जेवलास का?" ती विचारते. उत्तर यायच्या आत रेंज जाते.

अर्ज भरून होतो. केंद्रचालक प्रिंट देतो आणि पुढचं सांगतो: ही प्रत कॉलेजात द्या, तिथून पडताळणी, मग समाजकल्याण. ती अर्जाचा क्रमांक हाताच्या तळव्यावरही लिहून घेते. पैसे कधी येतील, हे तिला कोणी सांगत नाही.

तुमच्या गावात, वस्तीवर अशी मुलगी असेल तर टोळ्या निघायच्या आधी तिला आधार केंद्रावर घेऊन जा आणि तिच्या आधारला तिचा स्वतःचा नंबर जोडून द्या.