सोळा भागांची गोष्ट

कोरियन मालिका मराठी घरांत मोबाइलच्या आधीच पोचल्या होत्या. २००६च्या सुमारास दूरदर्शनने 'एम्परर ऑफ द सी' हिंदीत दाखवली होती. आज विक्रोळीच्या कन्नमवारनगरात किंवा लोकलच्या डब्यात त्या बघायला मोबाइल पुरतो.

त्यांची खरी ताकद आटोपशीरपणात आहे. अनेक कोरियन मालिका सोळा भागांत संपतात, आणि बहुधा एकच लेखक शेवटपर्यंत लिहितो. उलट मराठीत 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ ते २०१३ चालली. एवढ्या लांबीत पात्रांचे स्वभावही गरजेप्रमाणे बदलतात. याउलट लेखिका पार्क जी-उन यांच्या 'क्रॅश लँडिंग ऑन यू' या कोरियन मालिकेत उत्तर कोरियाचा कॅप्टन बाजारात हरवलेल्या नायिकेला दिसावे म्हणून सुगंधी मेणबत्ती उंच धरून उभा राहतो. आधीच्या प्रसंगात त्याने साधी मेणबत्ती आणलेली असते. प्रेमाचा एक शब्द न उच्चारता सगळे कळते. असे बारीक विणकाम शेवट ठाऊक असलेल्या लेखकालाच साधते.

कोरियन मालिकांच्या तुलनेत चिनी मालिका पसरट असतात. 'निर्वाणा इन फायर' (२०१५) ५४ भागांची, तर 'स्टोरी ऑफ यान्शी पॅलेस' (२०१८) ७० भागांची. २०२० मध्ये चीनच्या नियामकांनी ४० भागांची मर्यादा घातली होती. चिनी मालिकांत अनेक नटांचे संवाद व्यावसायिक आवाज-कलाकार बोलतात, त्यामुळे ओठ आणि शब्द कधीकधी जुळत नाहीत. तरी दरबारी डावपेचांत त्या सरस आहेत. नव्या प्रेक्षकाने कोरियन मालिकेपासून सुरुवात करावी आणि डबिंग टाळून मूळ आवाजातच पाहावे.