कुंपण, निवासी
कुंपण, निवासी : राहते घर, त्याभोवतीचे अंगण, परसू व गोठा यांची हद्द दाखविणारी आणि गुरे, वन्य प्राणी व आगंतुक यांना अटकाव करणारी रचना. काट्यांची वई, झुडपांचे जिवंत कुंपण, तारेचे कुंपण व दगडविटांची आवारभिंत हे तिचे मुख्य प्रकार होत. वेलींसाठी उभारलेली ताटी व मांडव पुष्कळदा कुंपणालाच जोडून असल्याने त्यांचाही विचार येथे केला आहे. कुंपण हद्द दाखविते. ती ठरवीत मात्र नाही. यासंबंधीचे बहुतेक नियम व बहुतेक तंटे या भेदातूनच उद्‌भवतात.

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ (हुतात्मा बाबू गेनू यांचे जन्मगाव) व जुन्नर-आंबेगाव परिसरातील इतर गावे यांसारख्या ठिकाणी हा भेद विशेष जाणवतो. देशावर कुंपणासाठी निवडुंग, शेर, मोगली एरंड, घायपात इ. वनस्पती लावतात. त्या सहज रुजतात व गुरे त्यांना सहसा तोंड लावीत नाहीत. तथापि जिवंत कुंपण एका रेषेत राहत नाही. दरवर्षी ते दोन्ही अंगांनी फुगते. पुढे त्याच्या जागी भिंत घालताना ती मूळ खोडांच्या रेषेवर न घेता झुडपाच्या बाहेरच्या कडेवर घेतली, तर शेजाऱ्याची जागा किंवा गावची बोळ तेवढी अरुंद होते. एकेकाळी बैलगाडी जाणाऱ्या बोळीतून आज ट्रॅक्टर वा रुग्णवाहिका जाऊ न शकण्यामागे असे हातहात सरकलेले कुंपण हेही एक कारण असते.

ग्रामीण कुंपणासाठी महाराष्ट्रात स्वतंत्र अधिनियम नाही. अनेक अधिनियमांतील तरतुदी एकत्र वाचाव्या लागतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता (१९६६) हिच्या नवव्या प्रकरणात हद्दी व हद्दखुणा यांसंबंधीचे नियम आहेत. आपल्या धारणक्षेत्राच्या हद्दखुणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी भूमिधारकावर असून त्या नष्ट करणे दंडनीय आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या (१९५८) व्याख्येनुसार ‘इमारत’ या संज्ञेत भिंत, ओटा व शेड यांचाही समावेश होतो. गावठाणात त्या बांधण्यास कलम ५२ नुसार पंचायतीची पूर्वपरवानगी लागते. वेल चढविलेला उघडा मांडव व त्यावर पत्रे घालून केलेली शेड यांत म्हणूनच फरक करावा लागतो. कलम ५३ अन्वये सार्वजनिक रस्त्यावर वा जागेवर भिंत, कुंपण, कठडा किंवा खांब उभारणे हे अतिक्रमण ठरते व ते दूर करण्याचा अधिकार पंचायतीस आहे. शासकीय जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण करणारी व्यक्ती पंचायतीची सदस्य राहू शकत नाही. अशा अतिक्रमित जागेचा उपभोग पुढे चालू ठेवणाऱ्या कुटुंबीयांसही ही अपात्रता लागू होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला.

आवारभिंतीच्या उंचीस नगररचनेचे नियम लागू होतात. बृहन्मुंबईसारखे काही अपवाद वगळता राज्यात २०२० मध्ये एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली अंमलात आली. अशा नियमांत रूढ असलेल्या मर्यादेनुसार निवासी आवारभिंत रस्त्याच्या मध्यरेषेपासून १.५ मी. उंच असावी; वरचे ०.९ मी. जाळीदार असल्यास एकूण उंची २.४ मी.पर्यंत चालते. कोपऱ्यावरील भूखंडात वळणाजवळ दोन्ही बाजूंस १० मी. लांबीपर्यंत भरीव भिंत ०.७५ मी.हून उंच नसावी. वळणावर समोरून येणारे वाहन दिसावे, हा त्यामागील हेतू होय.

या शतकाच्या प्रारंभापासून जुन्नर वनविभागात (यात आंबेगाव तालुकाही मोडतो) उसाच्या शेतांतून वस्तीकडे येणाऱ्या बिबट्यांमुळे उंच कुंपणाची मागणी वाढली आहे. परंतु साध्या भिंतीवरून बिबट्या सहज उडी घेतो. गुरांच्या रक्षणासाठी छतासह सर्व बाजूंनी बंदिस्त गोठा अधिक उपयोगी ठरतो. सौर कुंपणात अल्प ऊर्जेचे, क्षणिक विद्युत्‌ स्पंद सोडतात. याउलट घरगुती वीजप्रवाह थेट तारेत सोडणे प्राणघातक असून त्यामुळे मृत्यू घडल्यास फौजदारी कारवाई होते.

शेतजमिनीची मोजणी पूर्वीच झालेली असली, तरी बहुसंख्य गावठाणांतील घरजागांचा मोजलेला नकाशा दीर्घकाळ नव्हता. तेथे कुंपण, पडवीची कड व वडीलधाऱ्यांची साक्ष हाच नकाशा होता. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनच्या साहाय्याने गावठाण मोजणीचा प्रयोग झाला व २०२० पासून केंद्राच्या स्वामित्व योजनेखाली असे काम देशभर सुरू झाले. मोजणीत प्रत्यक्ष ताब्याची रेषा नोंदली जाते व तीवरून मिळकत पत्रिका तयार होते. त्यामुळे सरकलेले कुंपण कागदावर येऊन कायम होण्याचा धोका असतो. स्थळचौकशीच्या वेळी शेजाऱ्यांनी समक्ष हजर राहून हरकत नोंदविणे म्हणून अगत्याचे ठरते. मोजणी झालेल्या भूखंडाबाबत शंका असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्यावी आणि खुणा पक्क्या झाल्यावरच पाया खणावा. काट्यांची वई एका दिवसात मागे घेता येते. भिंत मागे घेण्यास पुष्कळदा न्यायालयाची पायरी चढावी लागते.