वस्तीचा ग्रुप कशासाठी?

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातले राईनपाडा. आठवडी बाजारात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागून जगणारी माणसे ती! मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून गावोगाव फिरत होती, तेवढेच निमित्त. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. पण पाच ठिकाणेही काही थोडी नव्हेत.

बंधुभगिनींनो, असा संदेश आला तर तो पुढे न धाडता ११२ वर पोलिसांना विचारावे, असे आम्ही आमच्या वस्तीत सांगत असतो.

मग ग्रुपवर टाकायचे काय? मतदार यादीत कोणाचे नाव गळाले, हे कोणी लिहितो का? वयाची सतरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना नमुना ६ चा अर्ज आगाऊ भरता येतो. अठरा पूर्ण झाल्याची तारीख आता वर्षातून चारदा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. हे घरोघर कळले पाहिजे.

आणि एखाद्या माऊलीने पहिल्यांदाच नळाच्या पाण्याबद्दल चार ओळी लिहिल्या, तर तिच्या ऱ्हस्वदीर्घाला हसणारे आपल्यातही आहेत. ती पुन्हा लिहीत नाही. पाणी मात्र तिच्याच गल्लीत येत नसते.